होडीचे वर्म
(लहान नौकांच्या युद्धकालीन चिलखताविषयी)

दोन वर्षांपूर्वी याच शाळेच्या सभागृहात मराठ्यांच्या आरमारासंबंधीच्या शब्दसंपत्तीवर बोलण्याचा योग आला होता. व्याख्यान संपल्यावर नववीतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, सैनिकाला चिलखत असते, मोठ्या युद्धनौकेला पोलादी कवच असते, मग लहान होडीला काय असते?” मी तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. मी भाषेचा अध्यापक, नौकाबांधणीचा नव्हे. परंतु उत्तर अपुरे होते याची रुखरुख राहिली, आणि पुढे जे वाचले, ताडून पाहिले, ते या स्मृतिपुस्तिकेच्या निमित्ताने मांडतो आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विद्यार्थ्याच्या प्रश्नाची उधारी ठेवत नसत, असे त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. माझी उधारी मी आज फेडतो.

प्रारंभ एका शब्दापासून करतो. संस्कृतात ‘वर्मन्’ म्हणजे चिलखत, अंगरक्षक कवच. मराठीत मात्र ‘वर्म’ म्हणजे मर्म, नेमकी दुखरी जागा. आपण वर्मावर बोट ठेवतो, घाव वर्मी लागला असे म्हणतो. व्युत्पत्ती काहीही असो, रक्षण करणारी वस्तू आणि जिचे रक्षण करावयाचे ती जागा, हे दोन्ही अर्थ एकाच अक्षरसमूहात येऊन राहिले आहेत. लहान नौकेच्या चिलखताची सगळी कहाणी या दोन अर्थांच्या मध्ये घडते.

आधी थोडा हिशेब करू. एक इंच जाडीच्या पोलादी पत्र्याच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे २०० किलो भरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांना किनाऱ्यावर उतरविण्यासाठी ‘हिगिन्स बोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हजारो नौका बांधल्या. लांबी सुमारे ११ मीटर, बांधणी मुख्यतः प्लायवूडची, पुढचा उतरण्याचा दरवाजा पोलादी. एका खेपेस ३६ सैनिक किंवा सुमारे साडेतीन टन माल वाहण्याची क्षमता. आता समजा, या नौकेच्या दोन्ही बाजूंना सव्वा मीटर उंचीपर्यंत एक इंची पोलाद बसविले, तर केवळ त्या पत्र्याचेच वजन पाच टनांच्या पुढे जाईल. म्हणजे जे सैनिक वाचवायचे, त्यांना बसण्यापुरतेही वजन शिल्लक राहणार नाही. नौका सुरक्षित होईल, पण रिकामी. किंबहुना तीही बुडण्याच्या बेतात.

केवळ एकूण वजनाचाच हा प्रश्न नाही. वजन जितके उंचावर, तितकी नौका कलंडण्याची भीती अधिक. वजन वाढले की नौका पाण्यात खोल बसते आणि मग उथळ खाडीत किंवा वाळूच्या किनाऱ्यावर जाण्याचा तिचा मुख्य गुणच नाहीसा होतो. वेगही घटतो, आणि मंद झालेली नौका शत्रूच्या माऱ्यात अधिक वेळ राहते. कासवाला पाठीवर ढाल परवडते, कारण त्याला घाई नसते. युद्धातल्या होडीला घाई असते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने या प्रश्नाचे एक सरळ उत्तर दिले होते: चिलखत घालूच नये. त्यांची गलबते हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की परदेशी जहाज जागच्या जागी खिळून राही, आणि ही गलबते वल्ह्यांच्या बळावर त्याच्या मागच्या अंगाला जात. कारण त्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. प्रसंग बिकट झाला तर खाडीचे उथळ पाणी जवळच होते; तेथे मोठे जहाज शिरू शकत नसे. चपळाई, उथळ तळ आणि किनाऱ्याची माहिती हेच त्यांचे कवच होते. परंतु ज्या नौकेला एकाच नदीतून, एकाच मार्गाने, बंदुकांच्या टप्प्यातून रोज जावे लागते, तिने काय करावे?

हा प्रश्न अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांवर तीव्रतेने उभा राहिला. काठावरच्या झाडीतून झाडल्या जाणाऱ्या बंदुकांच्या गोळ्या नदीतल्या आगबोटींवरील माणसांचा बळी घेत. उत्तरेच्या बाजूने हलक्या आगबोटींना एक इंचाहूनही कमी जाडीचे लोखंडी पत्रे लावले. लोकांनी त्यांना ‘टिनक्लॅड’, म्हणजे पत्र्याचा अंगरखा घातलेल्या, असे नाव दिले. त्या पत्र्याने तोफेचा गोळा अडत नसे. पण बंदुकीची गोळी अडे, आणि बोट उथळ पाण्यातही चाले. दक्षिणेकडे लोखंडाचा तुटवडा होता. मात्र नाकेबंदीमुळे परदेशी न जाऊ शकलेला कापूस ढिगांनी पडून होता. त्यांनी कापसाचे दाबलेले गठ्ठेच बोटींच्या कठड्यावर रचले. १ जानेवारी १८६३ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरात ‘बायू सिटी’ आणि ‘नेपच्यून’ या अशा दोन बोटी उत्तरेच्या युद्धनौकांवर चालून गेल्या. ‘नेपच्यून’ बुडाली, पण ‘बायू सिटी’वरील सैनिकांनी ‘हॅरिएट लेन’ ही युद्धनौका जिंकून घेतली. कापूस गोळी अडवितो, तोफेचा गोळा अडवीत नाही, आणि ठिणगीने पेटतो. तरीही हाताशी होते तेच चिलखत झाले. याच काळात तो अमेरिकन कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईच्या बाजारात सोन्याचा भाव आला. आपल्या शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले, त्याच वेळी तिकडे तोच माल माणसे आडोसा म्हणून वापरीत होती.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटन याच अडचणीत सापडले. फ्रान्स पडला होता, डंकर्कच्या किनाऱ्यावर बहुतेक युद्धसामग्री टाकून सैन्य परतले होते, आणि जे थोडे चिलखती पोलाद तयार होई ते युद्धनौका आणि रणगाडे यांनाच पुरत नव्हते. इकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडणारी जर्मन विमाने कोळसा वाहणाऱ्या किनारी बोटींवर आणि मासेमारीच्या ट्रॉलरांवर खाली झेपावून मशीनगनने मारा करीत. लक्ष्य बहुधा सुकाणूघर असे. कारण सुकाणू धरणारा माणूस पडला की बोट आंधळी होते. उपाय म्हणून सुकाणूघराभोवती काँक्रीटच्या लाद्या उभ्या करण्यात आल्या होत्या. काँक्रीट कठीण खरे, पण ठिसूळ. चिलखतभेदी गोळ्या बसल्या की लादीला तडे जात, आणि ती फुटून ढासळे.

एडवर्ड टेरेल हे व्यवसायाने बॅरिस्टर, युद्धकाळात ब्रिटिश नौदल खात्यात काम करणारे. लहान जहाजांवरील या काँक्रीटची दुर्दशा पाहून त्यांनी वेगळा पदार्थ सुचविला. तो पदार्थ आपण रोज पायाखाली तुडवितो. ग्रॅनाइटची एकसारख्या आकाराची बारीक खडी, चुनखडीची भुकटी, आणि त्यांना बांधून ठेवणारे डांबर. म्हणजे जवळजवळ रस्त्यावरचेच मिश्रण. सुकाणूघराच्या सुमारे पाव इंची साध्या पोलादी भिंतीबाहेर लाकडी साचा उभारायचा, मधल्या पोकळीत हे गरम मिश्रण ओतायचे, आणि थंड झाल्यावर साचा काढून घ्यायचा. दोन इंची थर तयार. तोफांच्या ढालींसाठी अर्ध्या इंची पत्र्यावर असे तक्ते वेगळे ओतून घेत. ‘प्लास्टिक आर्मर’ हे त्याचे नाव. येथे प्लास्टिक म्हणजे आपल्या घरातील पिशव्या-बादल्यांचे नव्हे; साच्यात ओतून हवा तो आकार देता येणारे, एवढाच त्याचा अर्थ.

हे मिश्रण गोळी कशी अडवी, ते पाहण्यासारखे आहे. गोळीचे टोक ग्रॅनाइटच्या खड्यावर आदळते. खडा अतिशय कठीण, पण त्याचा पृष्ठभाग वेडावाकडा. त्यामुळे गोळी सरळ न जाता तिरपी वळते. पुढचा खडा तिला आणखी वळवितो. तिरप्या गोळीचा जोर एका बिंदूवर न राहता पसरतो. डांबर मऊ आणि चिवट असल्याने एका खड्याला गेलेला तडा दुसऱ्याकडे पोहोचत नाही. काँक्रीटची संपूर्ण लादी फुटते, तसे येथे होत नाही. दमलेली गोळी शेवटी थर आणि मागचा पोलादी पत्रा यांच्यामध्ये अडकून पडते. कठीण वस्तूने आघात मोडायचा, मऊ वस्तूने तो पोटात घ्यायचा, आणि मागच्या पत्र्याने उरलेले धरून ठेवायचे, अशी ही कामाची वाटणी होती. विशेष म्हणजे हे काम रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांनी केले. युद्धामुळे रस्त्यांची कामे मंदावली होती; डांबर वितळविणारी यंत्रे आणि ते जाणणारी माणसे उपलब्ध होती. प्रमुख बंदरांत नौदलाचे अधिकारी नेमून हजारो जहाजांवर हे चिलखत चढविण्यात आले.

तथापि एका शत्रूला दिलेले उत्तर दुसऱ्याला चालत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन नौदल मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात उतरले, तेव्हा काठावरून खांद्यावर धरून सोडायची रॉकेटे येऊ लागली. त्यांच्या टोकातील स्फोटकापुढे धातूचा पोकळ शंकू असतो. स्फोट होताच त्याची अतिवेगवान धार बनते आणि ती जाड पोलादही भेदते. तिच्यापुढे पत्र्याची जाडी वाढविणे व्यर्थ. म्हणून सैनिक वाहणाऱ्या नौकांच्या बाजूंना, मुख्य भिंतीपासून अंतर राखून, पोलादी गजांची जाळी बसविण्यात आली. रॉकेट गजावर फुटे आणि ती धार मुख्य भिंतीपर्यंत पोहोचेतो विस्कटून दुबळी होई. येथे मधली मोकळी जागा हेच चिलखत होते. त्याच नद्यांवर गस्त घालणाऱ्या ३१ फुटी नौका मात्र फायबरग्लासच्या, अत्यंत वेगवान. आणि त्यांचे कवच इतके पातळ की कधीकधी रॉकेट न फुटताच आरपार निघून जाई. संरक्षक पट्ट होते ते केवळ सुकाणू धरणाऱ्याभोवती आणि तोफांपाशी.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोठ्या युद्धनौकेच्या चिलखताविषयी विचारतात, ते किती जाड आहे. लहान नौकेच्या चिलखताविषयी विचारावे लागते, ते कोणाभोवती आहे. सगळ्यांना झाकणे वजनामुळे अशक्य. म्हणून कोणीतरी निवड करतो. सुकाणू आणि तोफ यांची निवड निर्दयपणाची नव्हे. ती दोन ठिकाणे टिकली तर सर्वांचाच बचाव होतो. पण निवड ती निवडच, आणि तिच्या बाहेर माणसे राहतात.

हे मला पुस्तकातून प्रथम कळले नाही. माझ्या बालपणी आमच्या वाड्यावर एक वृद्ध तारवटी राहत. महायुद्धात ते ब्रिटिश मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होते. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत राहून ते जहाजाची वाट पाहत, आणि मिळेल त्या जहाजावर जात. ते सांगत, सुकाणूघराभोवती डांबराची जाड भिंत होती, आणि सकाळचा चहा तेथे पोहोचविणे हे त्यांचे काम. विमानांचा आवाज येत असे त्या दिवशी ते रिकामा कप परत नेण्याच्या मिषाने तेथेच रेंगाळत. कारण त्यांच्या भांडारघराला भिंत होती ती नुसत्या पत्र्याची. आम्हा मुलांना ती गंमत वाटे. जहाजाला डांबराची भिंत कशी असेल, म्हणून आम्ही हसत असू, आणि तेही हसत. ती गोष्ट खरी होती, हे मला साठ वर्षांनंतर कळले.

त्या युद्धात समुद्रावर गेलेल्या हिंदी व्यापारी आरमारातील जवळजवळ सहा हजार खलाशांची नावे एका स्मृतिग्रंथात नोंदली आहेत. त्याच्या प्रती मुंबई आणि चितगाव येथे ठेवलेल्या आहेत. पाणसुरुंग आणि पाणतीर यांच्यापुढे डांबराची भिंत काहीच नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. गोळी वरून येते, सुरुंग खालून.

तेव्हा त्या मुलीला आज माझे उत्तर असे आहे. लहान होडीला काय असते? वेग असतो, उथळ पाणी असते, हाताशी असेल ते असते: कापूस, पत्रा, खडी, डांबर, कधी नुसती मोकळी जागा. आणि थोडेसे खरे चिलखतही असते. ते कोठे लावले आहे ते पाहावे, म्हणजे त्या होडीचे वर्म कोणते हे कळते. ते पाहून झाले की, बाई, चहाचा कप घेऊन दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडेही एकदा पाहावे.