फुटबॉलमधील मधली फळी व तिचे तीन थोर खेळाडू

फुटबॉलचा सामना संपला कीं दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत दोन गोष्टी ठळकपणें छापून येतात : कोणत्या संघानें किती गोल केले, आणि ते कोणीं केले. ज्यानें चेंडू जाळ्यांत मारला त्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. परंतु तो चेंडू त्याच्या पायापर्यंत आला कसा, तो कोणीं व कोणत्या विचारानें तिकडे धाडला, ह्याची चौकशी फार थोडे लोक करतात. शाळाशाळांच्या मैदानांवरही हाच प्रकार दिसतो. संघ निवडतांना बहुतेक मुलांस पुढच्या फळींतच खेळावयाचें असतें, आणि मुलगा घरीं परतल्यावर वडील मंडळीही प्रथम हेंच विचारतात कीं, "आज तूं किती गोल केलेस?" ह्या प्रश्नाला ज्याचें उत्तर बहुधा "एकही नाहीं" असें असतें, परंतु ज्याच्यावांचून संघाचें पाऊल पुढें पडत नाहीं, अशा मधल्या खेळाडूविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. अलीकडच्या काळांतील अशा तीन थोर खेळाडूंची तुलना करून, त्यांचें थोरपण नेमकें कशांत आहे हें आम्ही येथें पाहणार आहोंत.

प्रथम ही जागा कोणती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. जुन्या पद्धतींत गोलरक्षकापुढें दोन बॅक, त्यांच्यापुढें तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढें पांच फॉरवर्ड अशी रचना असे. हाफबॅकांपैकीं मधला, म्हणजे सेंटर हाफ, हा संघाचा कणा मानला जाई. प्रतिपक्षाचा हल्ला मोडणें व आपला हल्ला उभारणें, हीं दोन्ही कामें त्याच्याकडे असत. पुढें १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. तोंपर्यंत, चेंडू पुढें धाडला जातांना, तो घेणाऱ्या खेळाडूच्या व गोलाच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. नव्या नियमानें दोन पुरेसे झाले. त्यामुळें गोलांची संख्या वाढली, आणि बचाव बळकट करण्यासाठीं इंग्लंडांतील आर्सेनल क्लबाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन ह्यांनीं सेंटर हाफला मागें घेऊन दोन बॅकांच्या मध्यें उभें केलें. ही रचना लवकरच इतरांनींही उचलली. सेंटर हाफ मागें गेला; पण त्याचें जुनें काम कांहीं नाहींसें झालें नाहीं. तें मधल्या फळींतील इतर खेळाडूंच्या वांट्यास आलें.

त्या कामाचे तीन भाग पाडतां येतात. पहिला, मागच्या फळीकडून चेंडू घेऊन तो सुरक्षित राखणें. दुसरा, तो कोठें, केव्हां व किती वेगानें द्यावयाचा ह्याचा निर्णय करणें. तिसरा, चेंडू प्रतिपक्षाकडे गेला कीं त्याची वाट अडवून उभें राहणें. बॅकला बहुतेक खेळ समोर दिसतो; परंतु मधल्या खेळाडूच्या चारही बाजूंस माणसें असतात. पाठीमागून कोण येत आहे हें चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच ज्याला ठाऊक नसेल, त्याचा तेथें निभाव लागत नाहीं. आतां आपण ज्यांची तुलना करणार आहोंत ते तिघेही ह्या जागेवरचेच खेळाडू. परंतु हीं तीन कामें प्रत्येकानें आपापल्या रीतीनें केलीं.

पहिला खेळाडू स्पेनचा झावी हर्नांदेझ. कॅटलोनियांतील तेरासा गांवीं १९८० सालीं जन्मलेला हा मुलगा वयाच्या ११ व्या वर्षीं बार्सिलोना क्लबाच्या युवकशाळेंत दाखल झाला, आणि १९९८ पासून २०१५ पर्यंत त्यानें त्या क्लबाच्या मुख्य संघाकडून ७६७ सामने खेळले. उंची अवघी ५ फूट ७ इंच. धांवण्याचा वेग साधारण. अंगांत दांडगाई मुळींच नाहीं. त्याचें सर्व सामर्थ्य मानेंत व डोळ्यांत होतें, असें म्हटलें तरी चालेल. चेंडू येण्यापूर्वीं तो पुनःपुन्हां मान वळवून आपल्या मागचें मैदान पाहून घेई. मग चेंडू जवळच्या गड्याला द्यावयाचा, लागलीच दोन पावलें सरकून मोकळ्या जागीं उभें राहावयाचें, आणि तोच चेंडू पुन्हां घ्यावयाचा, असा त्याचा क्रम चाले. पाहणाराला हें फार सोपें वाटे. परंतु ह्या लहान लहान पासांनीं प्रतिपक्ष हळूहळू आपल्या जागेवरून हालविला जाई, आणि एकदां फट पडली कीं झावीचा पुढचा पास थेट तिच्यांतून जाई. २००८ सालच्या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेंत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तिच्या अंतिम सामन्यांत जर्मनीविरुद्ध फर्नांदो टोरेसनें केलेला एकमेव गोल झावीच्याच पासावर झाला. २०१० च्या विश्वचषकांत स्पेननें बाद फेरीचे चारही सामने १-० असे जिंकले व त्यांत एकही गोल होऊं दिला नाहीं. प्रतिपक्षाला चेंडूच मिळूं द्यावयाचा नाहीं, हाच त्या संघाचा मुख्य बचाव होता, आणि त्या बचावाच्या केंद्रस्थानीं झावी होता.

दुसरा खेळाडू इटलीचा आंद्रेआ पिर्लो. १९७९ सालीं ब्रेशाजवळील फ्लेरो येथें त्याचा जन्म झाला. आरंभीं तो फॉरवर्डांच्या लगेच मागें खेळत असे. २००१ सालीं ब्रेशा संघांत असतांना ती जागा रोबर्टो बाज्जो ह्या नामांकित खेळाडूकडे होती. तेव्हां शिक्षक कार्लो माझोने ह्यांनीं पिर्लोला खालीं, आपल्या बचावफळीच्या अगदीं पुढें, उभें केलें. वरवर पाहतां ही पदावनति होती. पण तेथेंच त्याचें भाग्य उघडलें. पुढें गर्दीमुळें जो अवकाश व वेळ मिळत नसे तो मागें मिळूं लागला, आणि सबंध मैदान नकाशाप्रमाणें डोळ्यांपुढें आलें. चाळीस चाळीस यार्डांवरील गड्याच्या पायाशीं चेंडू अलगद नेऊन ठेवणें, ही त्याची हातोटी झाली. पुढें मिलान संघाचे शिक्षक कार्लो आन्चेलोत्ती ह्यांनींही त्याला तीच जागा दिली, आणि त्या संघानें २००३ व २००७ सालीं चॅम्पियन्स लीग जिंकली. २००६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत, डॉर्टमुंड येथें, ११९ व्या मिनिटापर्यंत गोल झाला नव्हता. पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू पिर्लोपाशीं आला. सर्वांना वाटलें तो मारील. पण तो चेंडू घेऊन आडवा सरकत गेला, बचाव करणारे त्याच्या ओढीनें सरकले, आणि त्यानें तिकडे न पाहतां उजवीकडे मोकळ्या असलेल्या फाबिओ ग्रोस्सोला पास दिला. जर्मनीचा पराभव तेथेंच निश्चित झाला. अंतिम सामन्यांत इटलीचा बरोबरीचा गोलही पिर्लोच्या कॉर्नरवरच झाला, आणि पेनल्टींवर इटलीनें विश्वचषक जिंकला.

परंतु पिर्लोला एक उणीव होती. तो मंद होता, आणि कोणी सावलीप्रमाणें त्याच्या मागें लागला तर त्याचा खेळ खुंटे. २०१० सालच्या मार्चमध्यें मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन ह्यांनीं कोरियाच्या पार्क जी-सुंग ह्या न थकणाऱ्या खेळाडूला केवळ पिर्लोवर नजर ठेवण्यास नेमलें. मिलान तो सामना ०-४ नें हरला.

तिसरा खेळाडू क्रोएशियाचा लुका मॉड्रिच. १९८५ सालीं झादार येथें त्याचा जन्म झाला. १९९१ सालीं युद्ध पेटलें. त्याचे आजोबा मारले गेले, घर सुटलें, आणि कुटुंबाला निर्वासित म्हणून हॉटेलांत राहावें लागलें. त्या हॉटेलांच्या वाहनतळावर ह्या मुलाचा खेळ चाले. शरीरानें तो इतका किरकोळ होता कीं, त्याचा पुढें निभाव लागेल असें पुष्कळांस वाटत नसे. पुढें झाग्रेब, लंडनचा टॉटनहॅम, आणि २०१२ पासून रेआल माद्रिद असा त्याचा प्रवास झाला. माद्रिदकडून २०१४ ते २०२४ ह्या काळांत त्यानें सहा वेळां चॅम्पियन्स लीग जिंकली. दोघेतिघे अंगावर आले असतां चेंडू घेऊन त्यांच्यामधून निसटणें, उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनें वळणदार पास देणें, आणि चेंडू गेला तर स्वतः मागें धांवून तो परत मिळविणें, हीं तिन्ही कामें तो सारख्याच हौसेनें करी.

२०१८ च्या विश्वचषकांत डेन्मार्कविरुद्ध, ११६ व्या मिनिटाला त्याला पेनल्टी मिळाली आणि गोलरक्षक कास्पर श्मायकेलनें ती अडविली. थोड्याच वेळानें निकालासाठीं पेनल्टी मारण्याची पाळी आली, तेव्हां हाच कर्णधार पुन्हां पुढें झाला, त्याच गोलरक्षकासमोर उभा राहिला आणि त्यानें गोल केला. क्रोएशिया जिंकला. पुढचे दोन सामनेही जादा वेळेपर्यंत लांबले. म्हणजे सुमारे चाळीस लाख वस्तीच्या ह्या देशाचा संघ एका अख्ख्या सामन्याइतका अधिक खेळून अंतिम सामन्यांत पोहोंचला. तेथें फ्रान्सनें त्याचा ४-२ असा पराभव केला, तरी स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मॉड्रिचलाच मिळाला.

आतां तुलना कोणत्या मापानें करावी ? गोलांचें माप लावलें तर झावीचे ७६७ सामन्यांत ८५ गोल होतात, आणि इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डनें एकट्या चेल्सी क्लबासाठीं २११ गोल केले आहेत. त्याचाच देशबंधु स्टीव्हन जेरार्ड. २००५ सालीं इस्तंबूल येथील अंतिम सामन्यांत मिलानविरुद्ध लिव्हरपूल ०-३ नें मागें असतां त्यानेंच पहिला गोल करून संघाला उभारी दिली, आणि शेवटीं लिव्हरपूल विजयी झालें. त्या दिवशीं मिलानच्या संघांत पिर्लोही होता. अशा वीरांस लहान कोण म्हणेल ? तरीही हे दोघे एकत्र खेळत असतां इंग्लंडला कोणत्याही मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी गांठतां आली नाहीं. दोघांचाही ओढा पुढें जाण्याकडे होता. २००४ सालीं तर ह्या दोघांस मध्यभागीं जागा देण्यासाठीं पॉल स्कोल्ससारख्या अव्वल मध्य-खेळाडूला डाव्या कडेला खेळावें लागलें. इंग्लंडच्या अपयशाला इतर कारणेंही होतीं. परंतु उत्तम माणसें एकत्र केल्यानेंच उत्तम संघ होत नाहीं, हा धडा त्यांतून मिळतो.

उलट आपल्या तिघांचे सोबती पाहा. पिर्लो शांतपणें विचार करूं शके, कारण शेजारीं जेन्नारो गात्तुसो त्याच्या वांट्याचें धांवत असे. झावीच्या मागें सेर्खिओ बुस्केत्स व बाजूला आंद्रेस इनिएस्ता होता. मॉड्रिचला माद्रिदमध्यें कासेमिरो व टोनी क्रूस लाभले. मधल्या फळीचें थोरपण एकट्याचें नसतें. तें वांटून घ्यावें लागतें.

आमचें मत विचारल्यास, खेळाची घडी बसविण्यांत झावी श्रेष्ठ, दृष्टीच्या पल्ल्यांत पिर्लो श्रेष्ठ, आणि तिन्ही कामें एकाच देहानें पार पाडण्यांत मॉड्रिच श्रेष्ठ. झावीच्या ऐन भरांतील चार वर्षांची सर दुसऱ्या कोणास येईल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु झावीचे कित्येक सोबती त्याच्याच युवकशाळेंत तयार झालेले होते, आणि पिर्लोला संरक्षण लागे. मॉड्रिच मात्र निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या शिक्षकांच्या हाताखालीं व निरनिराळ्या सोबत्यांबरोबर तितकाच उपयोगी ठरला. म्हणून, संघ कोणता हें न सांगतां एकच खेळाडू निवडा असें कोणी म्हटलें, तर आम्ही मॉड्रिचचें नांव घेऊं. वाचकांस हें न पटल्यास त्यांनीं खुशाल वाद घालावा. मात्र तो गोल मोजून नव्हे, खेळ पाहून घालावा.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलाला गोल किती केलेस हें विचारावें, पण कोणाला गोल करावयास मदत केलीस हेंही विचारावें. मुलांच्या महत्त्वाकांक्षेला वळण लागतें तें अशा प्रश्नांनींच. आणि विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळीं सामना पाहावयास बसाल तेव्हां दहा मिनिटें चेंडूकडे न पाहतां मधल्या फळींतील एकाच खेळाडूकडे पाहा. चेंडू येण्यापूर्वीं तो मान किती वेळां वळवितो, पास दिल्यावर कोठें सरकतो, आणि चेंडू गेला असतां प्रथम पाऊल कोणत्या दिशेला टाकतो, हें नीट ध्यानांत घ्या. मग दुसऱ्या दिवशीं मैदानावर तसें करून पाहा.