भूल दिलेल्या रुग्णावर प्रकाशकिरणांचा पहारा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी समाजाच्या येथील पाड्यांवरून एखादी अडलेली बाळंतीण शहापूर वा मुरबाडच्या शासकीय रुग्णालयात, किंवा तेथून पुढे कल्याण-ठाण्यास नेली जाते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय होतो, तेव्हा नातेवाइकांची पहिली पृच्छा असते ती भुलेविषयी : ‘शुद्धीवर येईल ना?’ ही भीती अज्ञानातून आलेली आहे असे मानण्याचे कारण नाही.

संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाचा श्वासोच्छ्वास बहुधा कृत्रिम रीतीने चालवावा लागतो. त्यात खंड पडल्यास मेंदूला काही मिनिटांतच कायमची इजा पोहोचते. पूर्वी डॉक्टर नाडीवर बोट ठेवून ओठांचा, नखांचा रंग न्याहाळीत. परंतु निळसरपणा डोळ्यांना दिसतो तो प्राणवायू गमावलेले हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तामागे सुमारे ५ ग्रॅम झाल्यानंतरच. ज्या स्त्रीचे एकूण हिमोग्लोबिनच ७ ग्रॅम, तिच्याबाबतीत ढोबळ हिशेबाने दोनतृतीयांशाहून अधिक हिमोग्लोबिन रिते झाल्याशिवाय ओठ निळे दिसावयाचे नाहीत. म्हणजे पंडुरोगाने ग्रस्त अशा रुग्णांत डोळ्यांवर विसंबणे सर्वांत धोक्याचे.

ही उणीव पल्स ऑक्सिमीटरने भरून काढली. जपानमधील निहॉन कोहडेन कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. बोटाला लावलेल्या चिमट्यातून तांबडा व डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश पाठविले जातात. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश अधिक शोषून घेते, तर प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन तांबडा. हाड, मांस व त्वचा यांतील शोषण स्थिर असते. नाडीच्या ठोक्यासरशी बदलते ते केवळ रोहिणीतील रक्ताचे. तेवढाच बदलता भाग वेगळा काढून यंत्र प्राणवायूचे शेकडा प्रमाण दर्शविते. प्रमाण घटू लागले की ठोक्याचा स्वरही खाली उतरतो, त्यामुळे शस्त्रक्रियेत गुंतलेल्या शल्यविशारदालाही मान वर न करता धोका कळतो. आमच्या मते या यंत्राचा हा सर्वांत शहाणपणाचा गुण होय. आओयागी २०२० साली निवर्तले. त्याच वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्यांचे यंत्र आशा स्वयंसेविकांच्या हाती घरोघर पोहोचले होते.

तथापि यंत्राचा आकडा म्हणजे सर्व काही नव्हे. तो सांगतो हिमोग्लोबिन किती भरलेले आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे हे सांगत नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव होत असतानाही आकडा ९८ राहू शकतो. म्हणून रक्तदाब आणि रक्ताची तपासणी यांना पर्याय नाही. थंडीने गारठलेला हात, नखांवरील रंग किंवा गडद मेंदी यांमुळे मापन बिघडू शकते. तर चुलीच्या अथवा शेगडीच्या कोंडलेल्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड शरीरात गेलेल्या रुग्णात आकडा खोटा दिलासा देतो. सावळ्या त्वचेत यंत्र प्रत्यक्षाहून किंचित अधिक प्रमाण दाखवू शकते, याकडे २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने लक्ष वेधले. सीमारेषेवरील आकडा आपल्याकडे अधिक सावधपणे वाचावा, असाच त्याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासणी-सूचीत, भूल देण्यापूर्वी ऑक्सिमीटर रुग्णाला लावलेला असून तो चालू आहे याची खात्री करावी, असे नमूद आहे. ‘चालू आहे’ हे शब्द महत्त्वाचे. यंत्र असते, पण चिमट्याची तार तुटलेली असते किंवा पावसाळ्यात वीज गेल्यावर बॅटरी साथ देत नाही. रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या लोकप्रतिनिधींनी नव्या यंत्राची मागणी करण्याआधी असलेल्या यंत्राची बॅटरी किती वेळ टिकते, जादा चिमटे शिल्लक आहेत काय आणि नवजात अर्भकासाठी लागणारा लहान, वेगळा चिमटा रुग्णालयात आहे काय, एवढे तरी विचारून घ्यावे.