आरोपी, गुन्हेगार आणि नाक्यावरचा निकाल

आरोपी आणि गुन्हेगार या दोन शब्दांच्या मध्ये कायद्याने एक भिंत उभी केली आहे. आपल्या बोलण्यात ती केव्हाच ढासळली. पोलिसांनी माणसाला नेले की त्याचा निकाल लागतो. पुढे न्यायालयात चालते तो केवळ सोपस्कार, असे समाजमन धरून चालते. नामांकित खेळाडूच्या बाबतीत हे फार उघडपणे घडते, म्हणून मुंबईतले एक प्रकरण येथे तपासावयाचे आहे.

१५ मे २०१३ रोजी वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा सामना झाला. सामन्यानंतर, त्याच रात्री, दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण या तिघांना मुंबईत अटक केली. ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा द्यावयाच्या आणि सट्टेवाल्यांकडून पैसे घ्यावयाचे, असा आरोप होता. चव्हाण हा मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज, वय २७. आदल्याच वर्षी रणजी स्पर्धेत पंजाबविरुद्ध त्याने एका डावात ९ बळी घेतले होते. वानखेडेवरच्या त्या सामन्यातले एक षटक त्याने ६० लाखांना विकले, असे पोलिसांचे म्हणणे.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पोलीस आयुक्त नीरज कुमार यांनी पत्रकार परिषद घेतली. षटकांच्या चित्रफिती दाखविल्या, फोनवरची संभाषणे सांगितली, रकमा सांगितल्या. श्रीशांतने कमरेला खोचलेला टॉवेल ही सट्टेवाल्यांसाठी खूण होती, असेही सांगितले. तोंडावर कापड टाकलेल्या खेळाडूंची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा सगळा पट्टा क्रिकेटवर पोसलेला. येथल्या नाक्यांवर आता पुराव्याची वाट कोण पाहणार?

परंतु पत्रकार परिषदेत मांडला जातो तो पुरावा नव्हे. ते एका पक्षाचे म्हणणे असते. त्यावर उलटतपासणी झालेली नसते, संभाषण संपूर्ण आहे की तुकड्यातुकड्यांनी जोडले आहे हे कोणी पाहिलेले नसते, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो त्या वेळी कोठडीत असतो. कबुलीचेही तसेच. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच घातला आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. चौकीत कबुली कशी निघते हे इंग्रजांना ठाऊक होते. आपल्या वस्त्यांना तर ते सांगावयाची गरजच नाही. तरीही ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ एवढा मथळा आला की तुम्हीआम्ही पान उलटतो.

या नियमाला एक मोठा अपवाद आपल्याच राज्याने घडविला. तो म्हणजे १९९९ चा मोक्का. त्यात पोलीस अधीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरता येते आणि जामीन मिळणे दुरापास्त होते. टोळ्यांसाठी केलेला हा कायदा दिल्लीतही लागू आहे. जून २०१३ मध्ये तो या खेळाडूंवर लावण्यात आला. १० जूनला न्यायालयाने श्रीशांत व चव्हाण यांना जामीन दिला, आणि २५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने या खटल्यातील तिघाही खेळाडूंना दोषमुक्त केले.

दोषमुक्ती आणि निर्दोष सुटका यांत फरक आहे. खटला पुरा चालून पुरावा अपुरा पडला तर निर्दोष सुटका होते. दोषमुक्ती त्याच्या कितीतरी आधीची: आरोप निश्चित करण्याइतकेही साहित्य नाही, म्हणून खटला उभाच राहत नाही. टोळीशी संबंध दिसला नाही, आणि खेळातील अशा लबाडीला गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. तेव्हा ‘काहीच घडले नाही’ असा दाखला न्यायालयाने दिला असे कोणी समजू नये. क्रिकेट मंडळाने सप्टेंबर २०१३ मध्येच श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली होती. मंडळाचा मापदंड वेगळा असू शकतो. श्रीशांतच्या प्रकरणात १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आजीव शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितले आणि बंदी ७ वर्षांवर आली. चव्हाणलाही तीच सवलत मिळाली, पण ती २०२१ मध्ये; म्हणजे ती ७ वर्षे उलटून गेल्यावर. मंडळाच्या शिक्षेला निदान मुदत होती आणि तिच्याविरुद्ध दाद मागता आली. नाक्यावरच्या शिक्षेला यांतले काहीच नाही.

हा निकाल नेहमी शिक्षेचाच असतो असेही नाही. १९५९ साली याच शहरात नौदल अधिकारी नानावटी यांनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आणि शहरातील अभिजनांनी आरोपीला खटल्याआधीच नायक ठरविले. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांची माफी मिळाली. तेव्हा रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ विकले जात होते. (टॉवेलाचे आणि आपल्या लोकन्यायाचे काय नाते आहे कोण जाणे!) गणवेश, घराणे, चेहरा पाहून हा निकाल फिरतो.

मग ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याचे काय? १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो रद्द व्हावयास १९५२ उजाडले, आणि पोलिसांचा संशय अजून गेलेला नाही. परळपासून जवळच असलेल्या आर्थर रोड तुरुंगात आजही क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक कैदी आहेत. देशभरातल्या तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा खटला संपलेला नाही. श्रीशांतला वकील होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंतची वाट होती. कच्च्या कैद्याकडे ‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ एवढे एकच वाक्य असते. क्रिकेटवाल्यासाठी आपण ते पुसले, तर उरते कोणासाठी?

चळवळीतील कार्यकर्ते येथे विचारतील: अत्याचाराच्या प्रकरणात आम्ही गप्प बसावे काय? मुळीच नाही. २००६ च्या खैरलांजीत भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये फाशीच्या शिक्षा दिल्या, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने त्या जन्मठेपेत बदलल्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागू ठरला नाही. फाशीच्या घोषणांनी ती उणीव भरून निघाली नसती. गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदविला, पंचनामा केव्हा झाला, जबाब कोणी घेतले, सरकारी वकील कोण, या प्रश्नांसाठी मोर्चे निघावयास हवेत, आणि ते पहिल्या आठवड्यातच.