जेंडरचा क्लास, घरचा होमवर्क

*‘जेंडर स्टडीज’ शिकून करायचं काय, असा प्रश्न पडलाय? मग हे वाचाच. कारण या विषयाचा अर्धा सिलॅबस तुमच्या स्वयंपाकघरात आहे, आणि उरलेला तुमच्या ऑफिसात!*

कुठल्याही गेट-टुगेदरमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ‘काय करतेस?’ समोरची ‘एमबीए’ म्हणाली, तर माना डोलतात. ‘सीए’ म्हणाली, तर एखादी काकू लगेच स्थळ सुचवते. आणि ‘जेंडर स्टडीज’ म्हणाली की... दोन सेकंद शांतता! मग कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे ते स्त्रीमुक्तीवालं? त्यात शिकवतात तरी काय? आणि नोकरी कुठे मिळते?’

प्रश्न अगदीच चुकीचे नाहीत. फी भरणारे आई-बाबा हेच विचारतात. तेव्हा एकेक करून बघूया.

मेजर, मायनर आणि ‘मुली जास्त असतात म्हणून’

आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असे तीन दरवाजे. एकातून आत गेलात की बाकीचे दोन बंद. लिबरल आर्ट्स कॉलेजांनी ही भिंत थोडी पाडली. पुण्यात सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स कॉलेज 2011 मध्ये सुरू झालं, हरियाणात सोनीपतजवळ अशोका युनिव्हर्सिटी 2014 मध्ये. अशोकामध्ये तर जेंडर आणि सेक्शुॲलिटीच्या अभ्यासासाठी वेगळं केंद्रच आहे. अशा ठिकाणी इकॉनॉमिक्स मुख्य विषय ठेवून जोडीला भलताच दुसरा विषय घेता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानं 2020 मध्ये हा मेजर-मायनरचा प्रकार सगळ्यांसाठीच पुढे आणला.

त्यामुळे या वर्गात फक्त ‘ॲक्टिव्हिस्ट टाइप’ मुली दिसतील, असं समजू नका. एका मुलानं तर मोकळेपणानं सांगितलं, ‘मुली जास्त असतात म्हणून मी हा पेपर घेतला.’ आणि मग? ‘मग एक दिवस लक्षात आलं, घरी गाडीची चावी मागितली की ताईला बाबा दहा प्रश्न विचारतात. कुठे, कुणाबरोबर, किती वाजता येणार. मला एकही नाही. वीस वर्षं मी त्याच घरात राहतोय, पण हे कधी दिसलंच नव्हतं!’

299 मिनिटांचा हिशेब

पहिल्या काही तासांत एक साधा फरक शिकवतात. शरीर जन्मानं मिळतं. पण ‘मुलीच्या जातीनं एवढ्या मोठ्यानं हसू नये’ किंवा ‘मुलगा असून रडतोस काय’ हे कुणीतरी शिकवावं लागतं. हे शिकवलेलं म्हणजे जेंडर. एवढं कळलं की पुढचा प्रश्न येतो. या शिकवण्यातून कुणाचा फायदा होतो? आणि खर्च कुणाच्या नावावर पडतो?

इथे आकडे कामाला येतात. भारत सरकारनं 2019 मध्ये टाइम यूज सर्व्हे केला, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो याची मोजणी. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषाची 97. तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच. असे पुरुष होते शंभरातले फक्त 26, आणि बायका 81. पुन्हा 2024 मध्ये मोजणी झाली. बाईची मिनिटं 289 वर आली. व्वा! पण थांबा, पुरुषाचीही 97 वरून 88 वर आली. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली, ती नवऱ्यानं उचललेली दिसत नाहीत!

वर्ग इथेच थांबत नाही. तुम्ही दोघंही नोकरीला जाता, घरी पोळ्यांना आणि भांड्यांना मावशी येतात, त्यामुळे तुमची मिनिटं कमी झाली असतील. पण त्या मावशी चार घरं करून आपल्या घरी जातात, तेव्हा तिथलं काम कोण करतं? तुमच्या करिअरची वेळ कुणाच्या कमरेतून निघते? या प्रश्नावर वातानुकूलित वर्गातही लोक खुर्चीत जरा चुळबुळतात.

इम्पोर्टेड? छे!

‘हे सगळं अमेरिकेतलं फॅड आहे’, असं म्हणणारा एक तरी भेटतोच. त्याला बुलढाण्याला पाठवा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं 1882 मध्ये. निमित्त होतं सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेचं. बाळाला मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली होती, नंतर ती कमी केली गेली. वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर तुटून पडली होती. ताराबाईंनी उलटा सवाल केला, की जे दोष तुम्ही बाईच्या नावावर लिहिता, ते पुरुषात नाहीत काय? पुस्तकाच्या 500 प्रती निघाल्या. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण नंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापलं आणि आज जेंडरच्या वर्गात ते वाचलं जातं.

आणि सेक्शुॲलिटी? त्यासाठी गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात डोकवा. तिथे गणित शिकवणारे र. धों. कर्वे संततिनियमनाचा उघड प्रचार करायचे. 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, कर्वे सरळ मराठीत उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरले, मासिक मात्र चालू राहिलं. गंमत बघा, वडील धोंडो केशव कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. त्याच एसएनडीटीमध्ये 1974 साली देशातलं पहिलं स्त्री अभ्यास केंद्र सुरू झालं.

पुणे विद्यापीठातलं केंद्र 1987 चं. तिथल्या शर्मिला रेगे यांनी या विषयाला एक अवघड प्रश्न विचारला. ‘बाई’ म्हणता तेव्हा कुठल्या जातीची बाई डोळ्यांसमोर असते? त्यांच्या 2006 च्या पुस्तकानं बेबी कांबळे, ऊर्मिला पवार यांच्यासारख्या दलित स्त्रियांची आत्मकथनं अभ्यासाच्या मधोमध आणून ठेवली. म्हणजे मूळ मजकूर फलटणचा, कोकणातला, आपल्या भाषेतला. आज मात्र बराचसा अभ्यास इंग्रजीत, आणि खासगी कॉलेजात वर्षाला काही लाख मोजून होतो. बुलढाण्याच्या आजच्या मुलीला ताराबाई भेटायच्या, तर आधी इंग्रजीची आणि मग फीची नदी ओलांडायची! ज्यांच्यावर हा अभ्यास उभा आहे त्यांनाच तो परवडू नये, ही या विषयाची सगळ्यात दुखरी बाजू.

शब्द सापडतो तेव्हा

काहींसाठी हा पेपर मार्कांचा नसतोच. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी 377 कलमाची तरतूद सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 ला रद्द केली. 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र त्याच कोर्टानं नकार दिला. वर्गात या निकालांवर चर्चा चालते, तेव्हा मागच्या बाकावरचा एखादा मुलगा नोट्स घेणं थांबवतो. पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याबद्दल शिवी न देता बोलत असतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीतून लिहिलं, ते अशाच मुलांसाठी. आई-बाबांशी बोलायचं, तर शब्द त्यांच्या भाषेतला हवा ना!

दिवाळीच्या सुट्टीत

पण खरी परीक्षा कॉलेजात नसते. लातूरकडची, पुण्यात शिकणारी एक मुलगी सांगत होती. (‘नाव छापू नकोस’ असं बजावूनच बोलायला बसली.) दिवाळीला घरी गेली. सगळ्यांची पानं वाढून झाली, आई नेहमीसारखी ओट्याशी उभी. ही म्हणाली, ‘आधी आई बसेल, मग मी.’ बाबा हसले. आई चिडली. ‘एवढी वर्षं मी सगळ्यांना वाढलं ते मूर्ख होते म्हणून? हेच शिकवतात का तुला तिथे?’

‘मला उत्तरच आलं नाही गं,’ ती म्हणाली. ‘ज्या बाईसाठी मी बोलत होते, तीच दुखावली.’

पुढच्या सेमिस्टरला असाइनमेंट आली, घरातल्या एका बाईची जीवनकहाणी नोंदवा. तिनं आईलाच विचारलं. चार दुपारी बसून रेकॉर्ड केलं. तेव्हा कळलं, की आईनं बीएडचा फॉर्म भरला होता, पण तो पोस्टात पडलाच नाही. आणि आईनं हेही बजावलं, ‘मला स्वयंपाक आवडतो, ते पण लिही. नाहीतर तुझ्या मॅडमला वाटेल मी रडतच जगले.’ रिपोर्टला बाबांनी अजून हात लावलेला नाही. आईनं मात्र तो कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलाय.

मला वाटतं, हा विषय हेच शिकवतो. आईला सुधारायचं नाही, आधी तिला विचारायचं.

बरं, नोकरी?

मिळते. एनजीओ, संशोधन, मीडिया आहेतच. पण कॉर्पोरेटलाही गरज आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगतो, की दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्या सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य या विषयाची जाण असलेली, बाहेरची व्यक्ती हवी. पन्नास कर्मचारी असले, की पाळणाघराची सोयही कायद्यानं बंधनकारक आहे. तुमच्या ऑफिसात समितीवर कोण आहे, माहितीये? नसेल, तर उद्या एचआरला विचारून बघा.

पॅकेज एमबीएइतकं मिळेल का? बहुतेक नाही. खोटं कशाला बोला!

ट्राय करून बघा

कॉलेजला जायला आता वेळ नाही? हरकत नाही. येत्या रविवारी एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक रकाना करा. सकाळच्या चहापासून रात्री ओटा पुसेपर्यंत कोण काय करतं आणि किती मिनिटं, ते लिहा. मावशींचाही रकाना करा. कुणाला टोमणा मारू नका, फक्त लिहा.

या पेपरला फी नाही. रात्री बेरीज करायला मात्र सगळ्यांना एकत्र बसवा. चहा कोण करतं, तेही लिहायला विसरू नका!