मालडब्याचा रंग कोणता?

पांढुर्ण्याच्या फलाटावर उभे राहून मालगाडीचे डबे मोजण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळला असेल. आम्हांला मोजण्यापेक्षा रंग पाहण्याचाच नाद अधिक. एकाच गाडीतला एक डबा ओल्या गेरूसारखा, दुसरा वाळल्या चिंचेसारखा, तिसरा पार काळपटलेला. घरी तर या रंगावरून एक जुना वादच चालत आलेला. सौंसरच्या छोट्या गाडीचे मालडबे काळे होते, असे आबाजी शपथेवर सांगत. मामाजी म्हणत, छे, तांबडेच! ती गाडी ३० नोव्हेंबर २०१५ रोजी थांबली. आज सौंसरहूनही मोठी गाडी धावते. वाद मात्र मिटलेला नाही.

विलायतेत जुने मालडबे जतन करणाऱ्या मंडळींतही नेमका हाच वाद आहे. १९२३ नंतर तेथे चार मोठ्या रेल्वे-कंपन्या झाल्या. ग्रेट वेस्टर्नचे डबे गडद करडे, सदर्नचे तपकिरी. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नचे साधे डबे करडे आणि इंजिनाकडून चालणारे निर्वात ब्रेक जोडलेले डबे तांबूस. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिशने १९३६ च्या सुमारास करडा सोडून बॉक्साइटच्या छटेचा तपकिरी रंग घेतला. कागदावर सारे स्वच्छ. पण 'करडा' म्हणजे नेमका कोणता, यावर एकमत होत नाही.

याचे मूळ रंगाच्या घडणीत आहे. करडा रंग सफेता व काळे रंगद्रव्य जवसाच्या तेलात कालवून होई. (नागपूरकडचा जवस मुंबई बंदरातून विलायतेला जात असे, तेव्हा आपल्याकडचे थेंबभर तेल त्या डब्यांवर चढलेच नसेल असे कोणी सांगावे?) सफेता हा शिशाचा क्षार. धुरकट हवेतील गंधकयुक्त वायूने तो काळवंडतो. म्हणून नवा डबा फिका आणि जुना गडद, दोन्ही एकाच रंगाचे! तांबूस रंगाचे तसे नाही. तो लोखंडाच्या भस्माचा, म्हणजे तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचाच भाऊबंद. धुराला तो दाद देत नाही, स्वस्तही पडतो. परंतु उन्हाने तेल झिजले की वरची भुकटी सुटते आणि रंग विटतो.

आता सौंसरकडे वळू. नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने १९१३ साली खुला केला. सौंसरचा परिसर मँगनीजचा. येथल्या खडकांना फर्मर या भूशास्त्रज्ञाने दिलेले सौंसरचे नाव ग्रंथांतून आजही आढळते. हे खनिज काळे, आणि त्याची भुकटी हाताला लागली की कोळशागत माखते. आबाजींचा वावर खनिज भरणाऱ्यांत, मामाजींचे दुकान धान्याचे. दोघांनी एकाच रंगाचे निरनिराळे डबे पाहिले, असा आमचा कयास आहे.

आबाजी पुराव्यादाखल एक जुने छायाचित्र काढीत. त्यात डबा खरोखरच काळा दिसतो. पण पूर्वीच्या पुष्कळ छायाचित्र-काचांना तांबडा प्रकाश जाणवतच नसे. त्यामुळे गेरूसारखा रंग त्यांत जवळजवळ काळाच उमटे. आबाजी हयात असताना हे आम्हांला ठाऊक नव्हते याची हळहळ वाटते, अर्थात त्यांनी ते मानले असते असे नाही.

नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली अरुंद मार्गाच्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. ते अवश्य पाहावे. मात्र कोणत्याही संग्रहालयात वरचा हात बहुधा नव्यानेच दिलेला असतो. खरा रंग शोधायचा तर दाराच्या बिजागरीमागे, जेथे ऊन पोहोचत नाही तेथे, थरावर थर हलकेच खरवडून पाहावे लागतात. २०२३ पासून पांढुर्णा व सौंसर एकाच नव्या जिल्ह्यात आले आहेत. या दोन्ही गावांतील ज्या घरांत मालधक्क्यावर राबलेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी डबा कसा दिसे, त्यात काय भरीत आणि साल कोणते, एवढे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.