विद्येचे उघडे दार

एकेकाळी हिंदुस्थानी संगीताची विद्या बहुधा घराण्यांच्या उंबरठ्याआड राहत असे. मुंबईचे वकील पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि छापून सर्वांपुढे ठेवल्या. असे शिक्षण पद्धतशीर मिळावे, म्हणून १९२६ साली लखनौ येथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते.

येथील विद्यार्थी अनेक क्षेत्रांत चमकले. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे के. जी. गिंडे बालवयातच येथे आले व पुढे श्रेष्ठ गायक आणि गुरू झाले. सुमती मुटाटकर यांनी दिल्ली विद्यापीठात संगीत शिकवले. रोशन चित्रपट-संगीतकार झाले, तर तलत महमूद यांची गझल घरोघरी पोहोचली.

पुस्तकावरून गाणे येईल का, अशी शंका तेव्हा घेतली जाई. ती अगदीच निराधार नव्हती. स्वराचा लगाव गुरूच्या गळ्यातूनच उचलावा लागतो. त्यामुळे प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ग्रंथाला प्रत्यक्ष तालमीची जोड दिली. गाणे गुरूनेच शिकवले. मात्र गुरूपर्यंत पोहोचण्याची वाट या महाविद्यालयाने घराण्याबाहेरच्यांनाही मोकळी करून दिली.