बोलून दाखल करावयाचा गृहपाठ

परकीय भाषा शिकविणाऱ्या शिक्षकापुढे एक अडचण फार पूर्वीपासून उभी आहे. विद्यार्थ्याने लिहिलेली चूक कागदावर राहते, तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढता येते, महिन्यानंतर वही उघडून ती पुन्हा दाखविता येते. परंतु त्याने उच्चारलेली चूक उच्चारताक्षणीच विरून जाते, आणि ती करणाऱ्याला आपल्या हातून ती घडली याची वार्ताही नसते. स्पॅनिशच्या वर्गात लेखी गृहपाठाच्या जोडीला आता जो ध्वनिमुद्रित गृहपाठ सांगितला जातो, म्हणजे घरी बसून दोन-तीन मिनिटे स्पॅनिशमध्ये बोलावयाचे, ते फोनवर अथवा संगणकावर मुद्रित करावयाचे आणि नेमलेल्या मुदतीत शिक्षकाकडे दाखल करावयाचे, त्याचा उगम या अडचणीत आहे. पुष्कळ विद्यार्थी त्याकडे एक कंटाळवाणा तांत्रिक उपचार म्हणून पाहतात आणि मुदत संपण्याच्या घटकेला तो कसाबसा उरकतात. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने तो तसा उरकणे हे स्वतःचेच नुकसान कसे आहे, हे येथे थोडे विस्ताराने पाहू.

ही पद्धत इंटरनेटसोबत जन्मली, असा कोणाचा समज असल्यास तो प्रथम दूर करावयास हवा. टॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढल्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत पत्रव्यवहाराच्या जोडीला वक्तृत्वाचे आणि उच्चारांचे शिक्षणही होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्क्रँटन या गावी, टपालाद्वारे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेने ही सूचना व्यवहारात उतरविली. इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स हे तिचे नाव. फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या भाषांचे पाठ मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करून ती विद्यार्थ्यांच्या घरी पाठवीत असे. विद्यार्थी ते ऐकून कोऱ्या नळकांड्यावर आपले उत्तर बोलून ठेवी, आणि ते नळकांडे टपालाने स्क्रँटनला परत जाई, जेथे शिक्षक ते ऐकून दुरुस्त्या कळवीत. आजचा विद्यार्थी बटण दाबून जी फाइल रवाना करतो, तिचा वंश येथपर्यंत पोहोचतो.

खुद्द स्पेनमध्येही मुद्रित आवाजाचे मोल ओळखणारा एक थोर ध्वनिशास्त्रज्ञ होऊन गेला. तोमास नावार्रो तोमास याने १९१८ साली स्पॅनिश उच्चारांवर जो ग्रंथ लिहिला, तो दीर्घकाळ या विषयातील प्रमाणग्रंथ मानला गेला. आणि पुढे माद्रिदमध्ये त्याने बोललेल्या शब्दाचे एक दफ्तरच उभारले, ज्यात लेखक ऊनामूनो, शास्त्रज्ञ रामोन ई काहाल यांच्यासारख्या नामवंतांचे आवाज मुद्रित करून जतन करण्यात आले. यादवी युद्धानंतर देश सोडून तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागला. लिपी उच्चाराची केवळ खूण सांगते, प्रत्यक्ष उच्चार पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचा तर आवाजच जपून ठेवला पाहिजे, हे त्याने जाणले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र प्रचारात आली. सोव्हिएत संघाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यावर हबकलेल्या अमेरिकेने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला, आणि त्यातून मिळालेल्या पैशावर शाळा-महाविद्यालयांतून भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या: लाकडी कप्पे, कानाला हेडफोन, समोर फिरणारी फीत, आणि ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणणारे विद्यार्थी. यांत्रिक घोकंपट्टीचा तो अतिरेक पुढे ओसरला. परंतु १९६३ साली निघालेल्या कॅसेटने मुद्रणाची सोय प्रयोगशाळेतून घरात आणली, आणि भ्रमणध्वनीने ती खिशात आणली. परीक्षांनीही हा मार्ग स्वीकारला आहे. स्पॅनिशच्या प्रसारासाठी काम करणारी इन्स्तितूतो सेर्व्हान्तेस ही संस्था आणि मेक्सिको, सालामांका व बुएनोस आयरेस येथील विद्यापीठे यांनी मिळून २०१६ साली सुरू केलेल्या सिएले या स्पॅनिशच्या परीक्षेत तोंडी भागासाठी समोर परीक्षक नसतो. संगणक प्रश्न ऐकवितो, उत्तर मुद्रित करतो, आणि ते मुद्रण परीक्षकाकडे जाते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा दिल्लीच्या सेर्व्हान्तेसमध्ये स्पॅनिश शिकणाऱ्याला निर्जीव यंत्रासमोर न अडखळता बोलण्याची सवय उपयोगी पडते, ती यासाठीही.

मात्र या गृहपाठाचा खरा लाभ परीक्षेच्या पलीकडचा आहे. मराठी जिभेला स्पॅनिश एका अंगाने सोपी आणि दुसऱ्या अंगाने फसवी आहे. सोपी अशासाठी की, तिचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, क आणि प यांच्यात इंग्रजीप्रमाणे हकाराची फुंकर नाही, आणि अ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर आघात नसतानाही आपले रूप फारसे सोडीत नाहीत. फसवी अशासाठी की, रोमन अक्षर डोळ्यांसमोर आले की शाळेत मुरलेले इंग्रजी वळण आपण होऊन जागे होते, आणि ज्याला 'तोमार' हा शब्द सहज उच्चारता आला असता तो विद्यार्थी 'टोमार' म्हणून मोकळा होतो. वर्गात हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण बोलताना त्याचे सारे चित्त क्रियापदाचे रूप शोधण्यात गुंतलेले असते. मुद्रण ऐकताना चित्त मोकळे असते, आणि तो ट कानाला खटकतो.

दुसरी खोच आघाताची. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान त्याबाबत बेफिकीर असतो. स्पॅनिशमध्ये 'आब्लो' या शब्दात पहिल्या अवयवावर, म्हणजे अक्षरावर, जोर दिला तर 'मी बोलतो' असा अर्थ होतो आणि शेवटच्या अवयवावर दिला तर 'तो बोलला' असा. पुरुषही बदलला आणि काळही बदलला, आणि देवनागरीत मात्र दोन्ही रूपे एकाच तऱ्हेने लिहावी लागतात. कालची हकीकत सांगावयाच्या गृहपाठात आघात चुकला की, व्याकरण पाठ असूनही सारी हकीकत भलत्याच माणसाच्या नावे जमा होते. नियम कठीण नाही: स्वर, न किंवा स यांनी संपणाऱ्या शब्दात उपान्त्य अवयवावर, इतरत्र अन्त्य अवयवावर, आणि अपवाद असेल तेथे लेखनात आघातचिन्ह. परंतु नियम ठाऊक असणे आणि तो जिभेवर असणे यांतील अंतर स्वतःचे बोलणे ऐकल्याखेरीज मोजता येत नाही.

र या ध्वनीचेही तसेच. जीभ एकदाच टेकली तर 'पेरो' म्हणजे 'पण', आणि ती थरथरली तर 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. आपल्या र ला दोन्ही जमते, परंतु घाईत दोन्ही एकच होतात. दोन स्वरांच्या मध्ये आलेले ब, द, ग हे स्पॅनिशमध्ये इतके सैल होतात की 'नादा' मधला द जेमतेम स्पर्श करतो. आपण तो ठाम उच्चारतो आणि बोलणे अकारण कडक वाटते. होय-नाही या स्वरूपाच्या प्रश्नाला तर पुष्कळदा केवळ सुराचाच आधार असतो. मराठीत 'येतोस' पुढे 'का' जोडला की प्रश्न झाला. स्पॅनिशमध्ये विधान आणि प्रश्न यांची शब्दरचना एकच असू शकते, आणि म्हणूनच वाचकाला आधीच इशारा मिळावा यासाठी स्पॅनिश अकादमीने १७५४ साली वाक्याच्या आरंभी उलटे प्रश्नचिन्ह घालण्याचा शिरस्ता सुरू केला. बोलताना ते चिन्ह कामास येत नाही. सूर चढला नाही, तर शिक्षकाच्या कानी पोहोचते ते निव्वळ विधान.

हे सर्व बारकावे मुद्रणात टिकावयाचे, तर मुद्रण स्वच्छ असले पाहिजे, आणि त्यासाठी महागड्या साहित्याची गरज नाही. स, फ यांसारख्या घर्षक ध्वनींची पुष्कळशी शक्ती उच्च कंपनसंख्येत असते. जुन्या दूरध्वनीच्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात ती कापली जाते, आणि मग स्पेनमधील बहुसंख्य लोक जीभ दातांमध्ये आणून उच्चारतात तो ध्वनी आणि साधा स यांतील भेद ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. बिनतारी हेडफोनचा मायक्रोफोन चालू केल्यावर त्याचा आवाज अनेकदा अशाच अरुंद पट्ट्यात घसरतो. त्यापेक्षा फोनचा स्वतःचा मायक्रोफोन किंवा वायरचा हेडफोन बरा. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे प आणि ब उच्चारताना सुटणारा हवेचा झोत थेट त्यावर आदळत नाही. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी तांबड्या भागात जाऊ देऊ नये. तेथे आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, स्वयंपाकघरातील कुकरच्या शिट्या होऊन जाऊ द्याव्यात. गाद्या, पडदे आणि कपड्यांनी भरलेली खोली प्रतिध्वनी शोषून घेते. मोकळ्या भिंतींचा दिवाणखाना दिसावयास सुंदर, परंतु मुद्रणास वाईट.

दाखल करण्यातील घोटाळे तर ठरलेले असतात. ऑडॅसिटी हे २००० सालापासून मोफत मिळणारे मुद्रणाचे सॉफ्टवेअर पुष्कळ वर्गांत वापरले जाते. त्यात 'सेव्ह' केले की जी फाइल तयार होते ती त्याच सॉफ्टवेअरपुरती कामाची. जुन्या आवृत्त्यांत तर त्या फाइलमध्ये प्रत्यक्ष आवाज नसून केवळ त्याचा तपशील असे. कित्येक विद्यार्थी तीच पाठवितात आणि शिक्षकाला काहीच ऐकू येत नाही. आवाजाची फाइल वेगळी 'एक्स्पोर्ट' करावी लागते. असंकुचित वेव्ह फाइल सीडीच्या दर्जाची व स्टिरिओ असल्यास मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. तेच मुद्रण १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये सुमारे १ एमबीत बसते, आणि गृहपाठाच्या तपासणीस तेवढे पुरेसे आहे. फाइलच्या नावात आडनाव, पाठाचा क्रमांक आणि तारीख असावी. 'रेकॉर्डिंग नवीन' अशा नावाच्या तीस फाइली ज्याच्या दफ्तरी जमा होतात, त्या शिक्षकाची कीव करावी. फाइल चढविल्यावर ती तेथूनच एकदा उघडून ऐकावी आणि पोच जपून ठेवावी. पोच नसलेली तक्रार कोणत्याही कचेरीत टिकत नाही.

आता दोन मोहांविषयी. पहिला मोह लिहून आणलेला मजकूर वाचून दाखविण्याचा. तो मजकूर यंत्राने भाषांतरित केलेला असो वा स्वतः रचलेला, वाचन लपत नाही. बोलणारा माणूस शब्द शोधताना वाक्याच्या मध्ये थांबतो, वाचणारा विरामचिन्हापाशी थांबतो, आणि अनुभवी कानाला हा फरक अर्ध्या मिनिटात कळतो. कागदावर चार-पाच मुद्दे असावेत, वाक्ये नसावीत. दुसरा मोह निर्दोष प्रत मिळेपर्यंत पुनःपुन्हा मुद्रण करीत बसण्याचा. त्याने हाती येते ते पाठांतर. अडखळलो तर सावरावे कसे, ही संभाषणातील खरी विद्या त्यात बाजूला राहते.

पुष्कळांना आपले मुद्रण ऐकवतच नाही. स्वतःचा आवाज एरवी आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून येणारा भाग त्याला भारदस्तपणा देतो. मुद्रणात तो भाग नसल्याने आवाज पातळ व परका वाटतो. हा संकोच काही आठवड्यांत जातो. तो जाईपर्यंत न ऐकता पाठवून देणे, हा मात्र या गृहपाठाचा सारा अर्थच गमावण्याचा मार्ग होय.

शिक्षकांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. तीस विद्यार्थ्यांनी तीन-तीन मिनिटांचे मुद्रण पाठविले, तर ते एकदा ऐकण्यासच दीड तास लागतो, अभिप्राय निराळाच. तेव्हा कालमर्यादा कडक असावी, विषय असा असावा की ज्याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल, आणि एका वेळी एकाच गोष्टीची, आज आघाताची तर पुढल्या वेळी भूतकाळाच्या रूपांची, तपासणी करावी. प्रत्येक चूक दाखविणारा अभिप्राय विद्यार्थी वाचीत नाही.

विद्यार्थ्याला शेवटची विनंती एवढीच. गृहपाठ दाखल करण्यापूर्वी तो एकदा शांतपणे ऐका, कागदावर आपल्या तीन चुका लिहा, एकदाच पुन्हा बोला आणि पाठवा. त्या तीन चुकांची टीपही सोबत जोडा. जो विद्यार्थी हा शिरस्ता वर्षभर पाळील, त्याला स्वतःची चूक शिक्षकाच्या आधी ऐकू येऊ लागेल, आणि त्यानंतर शिक्षक नसलेल्या ठिकाणीही त्याचे स्पॅनिश सुधारत राहील.